बांबू कच्चा नव्हता

नागपुरात ज्यांनी माझ्याकडून घरात बांबूची जमीन करून घेतली, ते रस्त्यात भेटले की अजून म्हणतात, "मिस्त्री, तुमची जमीन अजून तरंगते आहे बरं का!" मी हसतो. या अंकाच्या संपादकांनी 'त्या जमिनीबद्दल लिहा' म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनाही यातली गंमतच हवी असणार. गंमत सांगतोच. पण आधी एक गोष्ट लिहून टाकतो, कारण मागे ठेवली तर माझ्या हातून राहून जाईल. अशी पहिली जमीन मी रामदासपेठेत एका घरी केली आणि ती त्याच पावसाळ्यात बिघडली. बांबू कच्चा निघाला म्हणून बिघडली, असं मी तेव्हा सांगितलं. ते खोटं होतं. बांबू येसूबाईंनी दिला होता आणि तो पक्का होता.

आता ज्यांनी ही जमीन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी. घरात खाली सिमेंटचा कोबा असतो. तो आधी स्वच्छ झाडून कोरडा करायचा. कोब्यातून ओल वर चढते म्हणून त्यावर डांबरी कागद अंथरायचा. कागदावर तागाची जुनी पोती, एकमेकांना शिवून सलग केलेली. आणि त्यावर बांबूच्या कामट्यांचे तक्ते. कामटी म्हणजे बांबू उभा चिरून, आतल्या गाठी तासून, रंधा मारून सपाट केलेली पट्टी. तक्ते एकमेकांत खाचेनं अडकवायचे, पण कोब्याला काही ठोकायचं नाही. खिळा नाही की स्क्रू नाही. खाटेवर सतरंजी पडलेली असते तशी सगळी जमीन कोब्यावर नुसती पडून असते. म्हणून तिला तरंगती म्हणायचं.

गांधीबागेतल्या एका कापडवाल्या शेठला मी हे समजावून सांगत होतो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वो सब ठीक है मिस्त्री, लेकिन नीचे पानी कितना भरना पडेगा?" धंतोलीकडचे एक तबल्याचे मास्तर होते. त्यांची तक्रार अशी की या जमिनीवर तबला फार घुमतो. "बेताल पोरगासुद्धा बरा वाजवतोय असं वाटतं हो. ही जमीन खोटं बोलते!" शेवटी मी त्यांच्या बैठकीपुरते तक्ते उचलून दिले. पोरगा पुन्हा बेताल झाला आणि मास्तर खूश झाले.

ही सगळी पुढची गिऱ्हाइकं. सुरुवात झाली ती नंदामुळे.

सत्तरच्या आसपासचा काळ. रामदासपेठेत एका वकिलांच्या घरी माझं दारं-खिडक्यांचं काम चाललं होतं. वकिलांच्या पत्नीला सगळे ताई म्हणत. त्यांची मुलगी नंदा चार-पाच वर्षांची, पोलिओनं एक पाय बारीक झालेला. पायाला चामड्याचे पट्टे आणि लोखंडी पट्टी बांधून ती चालायची आणि चालताना पडायची. कोब्यावर पडलं की गुडघा फुटतो. मग ती दोन दिवस उठतच नसे. पडायच्या भीतीनं पोर चालणंच सोडेल आणि चालणं सोडलं तर पाय कायमचा जाईल, ही ताईंची धास्ती. घरात गाद्या घातल्या तर पाय गादीत रुतायचा.

ताई मला म्हणाल्या, "मिस्त्री, असं काहीतरी करा, की ती पडली तरी लागणार नाही आणि पाय रुतणारही नाही."

पूर्वी एकदा जंगलातल्या डाकबंगल्याच्या दुरुस्तीला गेलो होतो. तिथल्या मचाणाची बांबूची जमीन पायाखाली किंचित दबायची आणि परत वर यायची. ती मला आठवली. पण बांबूचं मला काय कळत होतं? माझं सगळं शिक्षण सागवानाचं. म्हणून मी येसूबाईंकडे गेलो.

येसूबाई बुरुडाच्या. गांधीबागेच्या मागच्या अंगाला त्यांचा बांबूचा अड्डा होता. नवरा चंद्रपूरकडून बांबू आणायचा आणि चिरायच्या त्या. कोयत्याचा एक घाव घालून बांबू असा उभा उलगडायच्या, जशी शेंग सोलावी. मांडववाले, परांची बांधणारे, सगळे त्यांच्याकडचा बांबू नेत. बोलायला फटकळ. मी कशासाठी आलो ते सांगितलं, तर म्हणाल्या, "जमिनीवर बांबू? लोक मेल्यावर खाली बांबू लावतात गा मिस्त्री, तुमी जितेपणीच लावून राहिले?" आसपासचे सगळे हसले. पण नंदाचं कळल्यावर त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला.

पुढचं जे काही झालं ते त्यांचं डोकं. बांबू हिवाळ्यात तोडलेलाच घ्यायचा. तो पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे त्यातली गोडी निघून जाते आणि पोखरणारा घुण लागत नाही. मग चुन्याच्या पाण्यात उकळायचा आणि सावलीत वाळवायचा. कामट्यांच्या खाली पोती घाला हेही त्यांनीच सुचवलं. खिळे न मारता जमीन मोकळी ठेवायची हीसुद्धा त्यांचीच अक्कल. मी आजवर हे कुणालाही सांगितलं नाही. लोक मला 'तरंगत्या जमिनीवाले' म्हणत राहिले आणि मी म्हणू दिलं.

काम सुरू झालं तेव्हा येसूबाई स्वतः वकिलांच्या घरी आल्या. भिंतीपाशी उकिडव्या बसल्या आणि कोब्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "हे पाहा. चारी भितींकडून एवढी जागा सोडायची."

मी म्हटलं, "काहून?"

"बांबूले माहेर पायजे."

"म्हणजे?"

"आता उन्हाळा हाये, तो सुकून बसला. पावसाळ्यात फुगन. फुगला का जाईन कुठं? बाईले सासरी जड झालं का माहेरी जाते का नाही? तसा तो भितीकडे जाते. माहेरच नसन तर मग घरातच डोकं वर काढते."

ताईंना ते इतकं आवडलं की त्या कितीतरी वेळ हसत होत्या. मीही मान डोलावली.

पण मी सुतार होतो. माझे वडील मला शिकवताना सांध्यावरून नख फिरवून पाहत. नख अडलं की तो सांधा काढायला लावत. जोड असा हवा की लाकूड कुठं संपलं आणि कुठं सुरू झालं ते हाताला कळू नये. आणि इथे चारी बाजूंनी बोटभर फट सोडायची! त्या फटीत कचरा जाणार, मुंग्या जाणार. पाहुणे येऊन म्हणणार, मिस्त्रीचं माप चुकलं. येसूबाई गेल्यावर मी शेवटच्या कामट्या भिंतीला घट्ट भिडवल्या. वरून सागाची नाजूक पट्टी फिरवली आणि ती भिंतीत ठोकून टाकली. काम दिसायला इतकं देखणं झालं, की मी स्वतः उंबऱ्यात उभा राहून ते बघत राहिलो. टोपल्या विणणारीला सुतारकीतलं काय कळतं, असंही मनात आलं होतं. ते लिहायला आज जड जातं, पण आलं होतं.

नंदा त्या जमिनीवर चालली. सुरुवातीला भिंत धरून, मग न धरता. पडली तर 'धप्प' असा आवाज व्हायचा आणि ती स्वतःच खो-खो हसायची. पुढे पुढे तर आवाज काढायला मुद्दाम पडायची. ताई मला बोलावून बोलावून दाखवायच्या. तो उन्हाळा माझ्या सगळ्या कामकाजाच्या आयुष्यात सगळ्यात चांगला गेला.

श्रावणात निरोप आला. गेलो तर खोलीच्या मधोमध जमीन पापडासारखी फुगून वर आली होती. तक्त्यांची खाच सुटली होती. नंदा पळत आली होती. पळत! पट्टा बांधलेल्या पायानं पळायची तिला नुकतीच हिंमत झाली होती. त्या उंचवट्याला पाय अडकला आणि ती खाचेच्या उघड्या कडेवर तोंडावर आपटली. हनुवटीला टाके पडले होते. ती आईच्या मांडीवर बसून माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती.

ताईंनी विचारलं, "मिस्त्री, कसं झालं हो हे?"

मी खाली वाकलो. कामटीवर दोन बोटं वाजवून पाहिली, जणू तपासतोय. मला कारण दारातूनच दिसलं होतं. मी म्हणालो, "बांबू कच्चा निघाला."

एवढंच. पोरीच्या टाक्यांकडे बघवेना, आणि जीभ जिकडे सोपं होतं तिकडे वळली. त्याला आजतागायत मला दुसरं कारण देता आलेलं नाही.

ताई कुणाला तरी बोलल्या, त्यानं परांचीवाल्याला सांगितलं. जिच्या बांबूवर चढून माणसं तिसऱ्या मजल्याचं प्लास्टर करायची, तिचा बांबू कच्चा, ही बातमी पसरायला वेळ लागत नाही. दिवाळीपर्यंत बाजारात येसूबाईंचं नाव 'कच्ची येसू' पडलं. परांचीवाले गेले, मागोमाग मांडववाले गेले. अड्ड्यावर नुसती सुपं आणि टोपल्या उरल्या.

येसूबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या वकिलांच्या घरी गेल्या, पण जमीन तोवर उचललेली होती. मग माझ्या कारखान्यात आल्या. माणसं काम करत होती.

"ओ सुतार! माझा बांबू कच्चा होता?"

मी रंधा मारत राहिलो.

"इकडं पाहा माझ्याकडं. माहेर सोडलं होतं का तुमी?"

मी मान वर केली नाही. त्यांनी माझ्या माणसांकडे एकदा पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "पोरीचं थोबाड फुटलं त्याचं मले वाईट वाटते. नाहीतर आज तुमचं फोडलं असतं." आणि गेल्या. बाजारातही त्या सांगत राहिल्या, की फट सोडली नाही म्हणून जमीन उठली. लोक म्हणायचे, आता ही मिस्त्रीवर ढकलते. माझ्या शब्दाला वजन होतं. तिच्या शब्दाला नव्हतं.

पुढे मी अशा बऱ्याच जमिनी केल्या. प्रत्येक ठिकाणी बोटभर जागा सोडली आणि त्या फटीवर नुसती सैल पट्टी ठेवली. बांबू दुसऱ्याकडून घ्यायचो. गिऱ्हाइकांनी विचारलं की मी सांगायचो, "बांबूला माहेर लागतं." गिऱ्हाइकं हसायची, म्हणायची, मिस्त्री मोठे रसिक आहेत. माझी बायको एकदा म्हणाली, "हे तुम्हाला कुठं सुचलं हो?" मी म्हणालो, असंच.

बरीच वर्षं गेली. वकील वारले. नंदा शिकली आणि शिक्षिका झाली. एका दुपारी ती माझ्या कारखान्यात आली. कुबडी नाही, पायात जाड तळव्याचा बूट. हनुवटीवर पांढरी रेघ. मला वाटलं जमीन दुभंगावी.

"काका, मी दोन खोल्यांचं घर घेतलंय. कोब्याचा गारठा हाडात जातो माझ्या. मला तसलीच जमीन करून द्या. पण बांबू त्याच बाईंचा हवा."

मी म्हटलं, "त्यांचाच कशाला? चांगले बांबूवाले आहेत आता."

ती हसली. "आईनं त्या उचललेल्या कामट्यांचा अंगणात मांडव केला होता, कृष्णकमळाच्या वेलासाठी. उन्हातान्हात, पावसात तो अजून उभा आहे. घुण नाही, काही नाही. कच्चा बांबू इतकी वर्षं टिकतो का हो काका?"

मी म्हणालो, "नाही."

"मग?"

मी तिला सगळं सांगितलं. भिंत, सागाची पट्टी, वडिलांचं नख. ती ऐकत होती आणि तिचं बोट आपोआप हनुवटीवर गेलं होतं. मला वाटलं, आता ही उठून जाईल. ती म्हणाली, "मी त्या जमिनीवर पळाले होते, काका. पडले त्याच्या आधी पळाले होते. माझं तुमच्याकडे काही बाकी नाही. पण आता मला सांगितलंत ते त्या बाईंना सांगा."

दुसऱ्या दिवशी मी येसूबाईंच्या अड्ड्यावर गेलो. केस पांढरे झाले होते, हात तेच. नवरा राहिला नव्हता. मुलगा हाताशी होता. मला बघून त्यांनी कोयता थांबवला नाही.

मी म्हणालो, "येसूबाई, तुमचा बांबू कच्चा नव्हता. मी माहेर सोडलं नव्हतं."

"मले काय सांगता? मले तर मालूमच हाये. ज्यायले मालूम नाही त्यायले सांगा."

शेजारी एक म्हातारा मांडववाला चहा पीत बसला होता. त्याच्याकडे बोट करून म्हणाल्या, "यायले सांगा. यानंच माझ्याकडून बांबू नेणं सोडलं होतं."

मी त्याला सांगितलं. तो कानानं कमी ऐकायचा. "काय म्हणता?"

"बांबू पक्का होता! चूक माझी होती!"

"कोणता बांबू?"

"अजून जोरानं सांगा," येसूबाई म्हणाल्या. "तुमचा आवाज मोठा हाये, मी आयकला हाये लोकायकडून."

मी ओरडून सांगितलं. आसपासचे बुरूड, टोपल्या घ्यायला आलेल्या बाया, सायकलवाले, सगळे थांबून बघत होते. मांडववाल्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "हाव का? अन् आमी इतके दिवस कच्ची येसू, कच्ची येसू करून राहिलो!" सगळे हसले. येसूबाई हसल्या नाहीत.

पण नाव गेलं नाही. इतक्या वर्षांनी ते तोंडात बसलं होतं. लोक पत्ताच तसा सांगायचे, कच्चीच्या अड्ड्याच्या पुढं डावीकडे वळा. आज येसूबाई नाहीत, पण नातवाच्या दुकानाला लोक अजून कच्चीचं दुकानच म्हणतात. नातवानं परवा मला विचारलं, "बाबा, आजीले कच्ची काहून म्हणत होते?" मी हे लिहितोय त्याचं कारण तो आहे. बाजारात मी जे ओरडून बोललो ते बाजारातच राहिलं. इथे लिहिलेलं त्याला वाचता येईल.

तर त्या दिवशी मी नंदासाठी बांबू मागितला. येसूबाई म्हणाल्या, "पोरीले देतो. पण आधी माझ्या घरी जमीन टाका. पोरानं मातीची जमीन काढून कोबा केला, माझे गुडघे धरून राहिले. बांबू माझा, मेहनत तुमची. पावसाळा जाऊ द्या तिच्यावरून. नाही उठली, तर मंग पोरीच्या घरी."

"आणि उठली तर?"

"तर मंग तुमी बाजारात यायचंच नाही."

जन्मभर दुसऱ्यांच्या घरांसाठी बांबू चिरणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या घरी त्याची एक कामटीसुद्धा जमिनीला लागलेली नव्हती. मी एकटाच गेलो, माणसं नेली नाहीत. डांबरी कागद घातला, पोती शिवली, तक्ते अडकवले. चारी भिंतींपाशी बोट घालून घालून पाहिलं. येसूबाई खाटेवर बसून होत्या. मुलगा, सून, शेजारच्या दोन बाया दारातून बघत होत्या. काम संपलं तेव्हा ऊन कलायला आलं होतं.

त्या खाटेवरून उतरल्या. अनवाणी, सावकाश, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत गेल्या. परत आल्या. मधे एका जागी थांबल्या. पाय दाबला, उचलला, पुन्हा दाबला. कट्ट असा बारीक आवाज आला.

सून म्हणाली, "काय झालं वं बाई?"

येसूबाईंनी पाय तिथेच ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा बांबूवर होत्या.

मी गुडघ्यावर बसलो. तेवढा तक्ता खाचेतून सोडवून उचलला. पोतं बाजूला केलं, कागद बाजूला केला. खाली कोब्यावर वाटाण्याएवढा सिमेंटचा खडा होता. मी तो हातात घेतला आणि दारातल्या माणसांना दाखवून म्हणालो, "चूक माझी. बांबू चांगला हाये. मीच झाडलं नाही नीट."

येसूबाईंनी माझ्या हातातला खडा घेतला, बघितला आणि दाराबाहेर फेकला.

"हाव, दिसलं मले," त्या म्हणाल्या. मग खाटेखालचा झाडू काढून माझ्या हातात दिला आणि तक्त्याचं दुसरं टोक स्वतः उचलून धरलं. "झाडा आता."